लाकूड-लोखंड : कापलेला दस्ता, रबरी गादी आणि नऊशे डॉलर

प्रश्न : काका, नमस्कार. मी एरीपासून पाऊण तासावर राहते. ग्रीन कार्ड आहे, वय ४४, उंची पाच फूट एक इंच. पेनसिल्व्हेनियाचा शिकार-शिक्षणाचा कोर्स दोन वर्षांपूर्वी केला. मागच्या हंगामात नवऱ्याच्या मित्राची रायफल मागून नेली. ती मला इतकी लांब होत होती की नेम धरेपर्यंत हरीण चरून निघून गेलं, आणि सरावात खांदा काळानिळा झाला तो वेगळाच. आता आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे त्यांच्या यजमानांची रायफल विकायची आहे. सॅव्हेज मॉडेल ९९, नळीवर .३०० सॅव्हेज असं लिहिलंय. लिव्हरच्या (चापाखालच्या, काडतूस भरायला खाली ओढायच्या दांड्याच्या) सांध्यावर छोट्या गोलात इंग्रजी 'सी' अक्षर आहे. दस्ता मात्र मागून कापलेला आहे. तिथे लाल रबरी गादी बसवलीय, मध्ये पांढरी पट्टी. चापापासून गादीच्या टोकापर्यंत मी मोजलं, साडेबारा इंच भरलं. लाकूड आरशासारखं चमकतंय. आजींचा मुलगा "व्हिंटेज आहे" म्हणतो आणि नऊशे डॉलर मागतो. आमचे हे म्हणतात, कापलेली वस्तू कशाला घ्यायची? पाच फोटो जोडलेत. काय काय बघू?
– एक वाचक, वायव्य पेनसिल्व्हेनिया

उत्तर : ताई, तिसरा फोटो उघडला आणि मी खुर्चीत मागे सरकलो. रायफलीच्या तोंडासमोर फोन धरून तुम्ही नळीच्या आतला फोटो काढलाय. कोर्स केलेल्या बाईने असं करू नये. नळी बघायचीच असते, पण त्याची रीत आहे. लिव्हर पूर्ण खाली, मॅगझिनमध्ये (जिथे काडतुसं साठतात) आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बोट घालून खात्री, मग उघड्या चेंबरमध्ये पांढरा कागद तिरपा धरायचा, त्यावर बॅटरी मारायची, आणि मगच पुढून डोळा लावायचा. या रायफलीच्या डाव्या अंगाला एक बारीक खिडकी असते, आत किती काडतुसं उरली त्याचा आकडा तिच्यात दिसतो. मोठी गोड सोय आहे. तरी त्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. सत्तर वर्षांची स्प्रिंग आहे, बोट घालाच.

तर आता वस्तूकडे. 'सी' म्हणजे १९५१. सॅव्हेजने १९४९ साली लिव्हरच्या सांध्यावर 'ए' मारायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक अक्षर पुढे सरकवलं. नळीवर चिकोपी फॉल्स, मॅसॅच्युसेट्स असं असायला हवं, कारण महायुद्धानंतर कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या उटिकाहून तिकडे गेला. अक्षर १९५१ चं आणि नळीवर उटिका असं निघालं, तर नळी नाहीतर लिव्हर दुसऱ्या रायफलीची आहे असं समजून चार प्रश्न जास्त विचारा. सॅव्हेज हे आडनाव आहे बरं का, रानटीपणाची जाहिरात नव्हे. आर्थर सॅव्हेज हा जमैकात किंग्स्टनला जन्मलेला माणूस. बाहेर घोडा नसलेली, पोटात फिरतं मॅगझिन असलेली ही रायफल त्याचीच. मूळ घडण १८९९ सालची, आणि विसावं शतक संपत आलं तोवर ती बनत होती. आमच्या भागात डोंगराकडेच्या दर तिसऱ्या घरात एक ९९ सापडेल. म्हणून "व्हिंटेज" या शब्दाला फार भाव देऊ नका. जुनी आहे हे खरं, दुर्मीळ नाही.

लाकडावर मी जरा जास्त बोलणार आहे. माझे वडील सावंतवाडीला सुतारकाम करायचे, मी कोल्हापूरला आयटीआयमध्ये पॅटर्नमेकिंग शिकलो, इथे येऊन फाउंड्रीत लाकडी साचे केले आणि संध्याकाळी बावीस वर्षं एका बंदूकवाल्याच्या दुकानात दस्ते दुरुस्त केले. बाबा म्हणायचे, "जंय चकाकता, थंय नख लावन बघ." १९८६ साली मी ते विसरलो. एका बाजारात एकशे चाळीस डॉलरला एक रायफल घेतली, दस्ता तुमच्या फोटोतल्यासारखाच, तोंड बघावं असा. नोव्हेंबरातल्या थंडीत तिसऱ्या गोळीला दस्ता मनगटाशी, म्हणजे हाताने पकडायच्या बारीक भागाशी, फाटला, आणि आत काय? दोन खिळे आणि इपॉक्सीचा लगदा. विकणाऱ्याने तडा बुजवला होता आणि वर वॉर्निशचे पाच-सहा हात मारले होते. तेव्हापासून चकचकीत दस्ता दिसला की मला आधी संशयच येतो.

९९ चा दस्ता नेमका कुठे तडकतो ते सांगतो. कृतीच्या (म्हणजे ज्या पोलादी डब्यात सगळी यंत्रणा असते त्याच्या) मागे दोन पोलादी जिभा निघतात, एक वर, एक खाली. दस्ता त्यांच्यात घुसतो आणि मागच्या टोकातून आत गेलेला एक लांब बोल्ट त्याला ओढून धरतो. वर्षानुवर्षं हिवाळ्यात घर तापवलं जातं, लाकूड सुकतं, बोल्ट ढिला पडतो. मग प्रत्येक गोळीला वरची जीभ पाचरीसारखी लाकडात ठोकली जाते. जिभेच्या मागच्या टोकापासून केसासारखी रेघ सुरू होते. तिथे नख फिरवा. मग कापसाचा बोळा रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून, पिळून, तिथून हलकेच फिरवा. वरचं अल्कोहोल उडून जातं, तड्यात शिरलेलं मागे राहतं, आणि काळी ओली रेघ दिसते. वॉर्निश शेलॅकचं असेल तर डाग पडेल, म्हणून आधी आजींना विचारा. शेवटी एका हाताने कृती, दुसऱ्या हाताने दस्ता धरून बाजूला किंचित दाबा. लाकूड आणि लोखंडाच्या मधली फट श्वास घेतल्यासारखी उघडमीट झाली, तर रायफल तिथेच ठेवा आणि चहा पिऊन घरी या.

तुमच्या दुसऱ्या फोटोत मला आणखी एक दिसतंय. जिभेच्या कडेला लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलंय. कारखान्यातून निघताना लाकूड लोखंडाच्या केसभर वर ठेवलेलं असतं. खाली गेलं याचा अर्थ कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन मनसोक्त घासलंय. पकडीवरच्या जाळीदार नक्षीचे टोकदार हिरेही बसके झालेत, बोटाला टोचत नाहीत. संग्रह करणाऱ्याला हे दोन पुरावे पुरे, तो पुढचं बघतच नाही. तुमच्या कामाला मात्र यातलं काहीच आडवं येत नाही.

आता कापण्याबद्दल. मूळ माप सव्वातेरा ते साडेतेरा इंचांच्या घरात असतं. तुमचं गादीसकट साडेबारा. गादी स्वतः पाऊण-एक इंचाची. म्हणजे लाकूड दीड ते दोन इंच गेलं. इतकं कुणी हौसेने कापत नाही. ही रायफल लहान चणीच्या माणसासाठी कापलीय. आजींना विचारा, कुणासाठी? माझी पैज आहे, त्या स्वतः वापरायच्या. आणि तसं असेल तर किंमत सांगणाऱ्या मुलापेक्षा आजींशी बोला. किती वर्षं वापरली, शेवटची कधी झाडली, कधी अडकली का, हे त्यांना माहीत असेल. पाच फूट एक इंचाच्या बाईला साडेबारा इंच म्हणजे शिंप्याने माप घेऊन शिवलेला ब्लाउज. मागच्या वर्षी खांदा काळानिळा झाला तो धक्क्यापेक्षा लांब दस्त्यामुळे. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, आणि मग मार दंड खातो. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, ही कापलेली वस्तू नवीन घेतली असती तरी मी पैसे घेऊन कापून दिलीच असती.

कापणाऱ्याचा हात कसा होता ते मात्र बघायला हवं. रायफल पूर्ण रिकामी करून दस्त्याचा तळ जमिनीवर सपाट टेकवा आणि रायफलीची वरची बाजू दाराच्या चौकटीला लावा. कृती चौकटीला टेकली की नळीचं तोंड चौकटीपासून थोडं पुढे राहायला हवं. तोंडच आधी टेकलं तर कापाचा कोन उलटा गेलाय, आणि झाडताना दस्त्याचं खालचं टोक काखेत घुसेल. हे दुरुस्त होतं, पण पैसे पडतात. गादीच्या रबरात दोन बारीक चिरा दिसतील, आत स्क्रू असतात. आजींची हरकत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरला साबण लावून त्या चिरांतून स्क्रू काढा, साबणामुळे रबर फाटत नाही. गादीखाली लांब बोल्टचं भोक दिसेल. भोकाभोवती लाकूड कोरडं, स्वच्छ असावं. भुसा आणि डिंकाचा लगदा दिसला तर माझा १९८६ चा किस्सा आठवा. बोल्ट स्वतः आवळायला जाऊ नका, तडा असेल तर आवळल्याने वाढतो. जुन्या ९९ पैकी पुष्कळांच्या दस्त्याच्या मागच्या टोकावर, पोलादी पाटीखाली, रायफलीचा नंबर ठोकलेला असायचा. तुमचा असला तरी तो दोन इंच लाकडाबरोबर गेला. पुढचा लाकडी भाग कधी काढलात तर त्याच्या आत बघा, तिथे नंबर सापडला आणि जुळला तर निदान अर्धं लाकूड तरी मूळचं आहे हे कळेल.

अजून एक. जिभेजवळचं लाकूड काळपट आणि मऊ आहे का? आपल्या माणसांना तेलाचा सोस असतो, आणि इथल्या माणसांनाही. यंत्रणेत तेल ओतायचं आणि रायफल कपाटात दस्त्यावर उभी करायची. तेल उतरत उतरत लाकडात मुरतं आणि लाकूड पावासारखं होतं. थोडं असेल तर खडूची पूड लावून ऊब देऊन मी ते ओढून काढतो. नख रुतलं तर नको.

लोखंडाचं थोडक्यात सांगतो, कारण ते शेवटी बंदूकवाल्यानेच बघायचं आहे. ९९ मागून बंद असते, त्यामुळे नळी साफ करायला गज पुढून, तोंडातूनच घालावा लागतो. सत्तर वर्षं गज घासून तोंडाची कड झिजते, आणि कड झिजली की गोळी निघतानाच तिरपी होते. तोंडाकडे भिंगातून बघा, आतले पीळदार चरे कडेपर्यंत धारदार हवेत, सगळीकडे सारखे. रिकाम्या रायफलीवर सेफ्टी (चाप अडवून धरणारा खटका) लावून चाप दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना आत 'टक' झालं तर घ्यायची नाही. १९५१ च्या रायफलीत ही सेफ्टी चापाच्या मागे उजवीकडे, लिव्हरला लागून सरकते. वर अंगठ्याखाली असेल तर ती बरीच नंतरची रचना, मग 'सी' अक्षराचं कोडं पुन्हा सोडवावं लागेल. वरच्या अंगाला दुर्बिणीसाठी भोकं आहेत का? ती सरळ रेषेत, कुठलं अक्षर न खाता पाडलेली असली तर चालतील. हौशी माणसाने घरच्या ड्रिलवर पाडलेली तिरपी भोकं मी पाहिलीत, आणि ज्याने दस्ता कापला त्याच्या हातात ड्रिलही असू शकतं.

काडतुसाबद्दल मात्र मस्करी नको. नळीवर .३०० सॅव्हेज लिहिलंय, पण मधल्या काळात कुणी चेंबर बदलून घेतलंय का हे डोळ्याने कळत नाही. बंदूकवाल्याला चेंबरचा साचा काढायला सांगा आणि गेजने हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसल्यावर मागे उरणारी फट, मोजायला सांगा. .३०० सॅव्हेज काडतूस .३०८ या दुसऱ्याच काडतुसाच्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि नेमका तोच धोका आहे. कवच फाटून गॅस तुमच्या चेहऱ्यावर येऊ शकतो. जाता जाता भारतातून आलेल्या वाचकांसाठी : .३०३ सॅव्हेज नावाचंही काडतूस आहे. ते म्हणजे आपल्या पोलिसांची थ्री-नॉट-थ्री नव्हे. नाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही, एकाचं काडतूस दुसऱ्यात घालू नका. दुकानात एका कोकणी माणसाने माझ्याशी यावर अर्धा तास वाद घातला होता. शेवटी दोन्ही काडतुसं काउंटरवर शेजारी शेजारी उभी केली तेव्हा गप्प बसला.

पैसे. नऊशे हा न कापलेल्या, मूळ पाटी आणि मूळ पॉलिश असलेल्या रायफलीच्या आशेने सांगितलेला आकडा वाटतो. संग्राहक ही रायफल घेणार नाही, म्हणून संग्राहकाचा भाव देऊ नका. तडा नसेल, नळी चांगली असेल आणि हेडस्पेस बरोबर निघाला, तर मी असतो तर साडेपाचशेने सुरुवात केली असती आणि सव्वासहाशेला हात मिळवला असता. त्यात बंदूकवाल्याची तपासणी आपल्या खिशातून. घासाघीस आजींसमोर नको, मुलाशी बाहेर अंगणात करा. नवऱ्याच्या रायफलीचे दोष ऐकत बसायची त्यांच्यावर वेळ का आणायची? पेनसिल्व्हेनियात इथल्याच दोन रहिवाशांमध्ये शिकारीच्या लांब रायफलीचा व्यवहार दुकानाशिवाय होतो. तरी तुम्ही दुकानातून करा. थोडी फी पडेल, पण पार्श्वभूमीची तपासणी आणि कागद नीट होतात, आणि रायफलीची तपासणीही त्याच फेरीत उरकते.

नारिंगी जॅकेट आणि टोपी आहे ना? डोकं, छाती, पाठ मिळून अडीचशे चौरस इंच लागतात, नुसती टोपी चालत नाही.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे. सहकारी म्हणतो, तुला रायफल घेताच येत नाही. दुसरा म्हणतो, येते. खरं काय?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोघेही अर्धं बरोबर. तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगायला मनाई करतो. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला तुमच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकार परवाना. दुकानातल्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर हा प्रश्न थेट विचारलेला असतो. तिथे 'नाही' लिहून सुटका करून घेऊ नका, खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि रायफल तर घरातच असते, हे पुष्कळजण विसरतात. त्यावर न्यू जर्सीचे स्वतःचे नियम केंद्रापेक्षा कडक आहेत. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर माझं ऐकण्यापेक्षा वकिलाला दोनशे डॉलर द्या. ती हौस दोन वर्षं थांबली तरी चालेल.

प्रश्न : माझ्या आजोबांची शिकारीची जुनी रायफल वाड्यात आहे. आजोबा मागच्या वर्षी गेले. दस्ता मनगटापाशी तडकलाय. गावातला सुतार चांगला आहे, त्याच्याकडून नवीन करून घेऊ का? लाकूड शिसवाचं घ्यावं की सागाचं?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : लाकडाचा प्रश्न नंतर. पहिला प्रश्न, ती आता कोणाच्या परवान्यावर आहे? आजोबांचा परवाना आजोबांबरोबर गेला. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ज्याच्याकडे परवाना नाही त्याने ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा. वर्षभर वाड्यात ठेवलीत हे चुकलंच, उद्या सकाळी पहिलं काम हे करा. जाण्याआधी ठाण्यात फोन करा, कशी आणायची ते तेच सांगतील. सुतार कितीही चांगला असो, त्याच कायद्यात बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्या बिचाऱ्याला अडकवू नका. परवाना तुमच्या नावावर झाला की परवानाधारक कारागिराकडे न्या. शिसव दिसायला देखणं पण जड, साग धक्क्याला रेषेतून उकलतो. मूळ अक्रोड असेल तर तडा सांधून तेच वापरणं मला पसंत. आणि ती मिळाली तरी शिकारीचं नाव काढू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते दिवस संपले.

जमा करताना पावतीवर रायफलीचा नंबर, नळीची लांबी आणि दस्त्यावरचा तडा, तिन्ही लिहून घ्या. तड्याचा फोटो पावतीशेजारी ठेवून काढा. चार वर्षांनी परत घ्याल तेव्हा तडा कोणाच्या ताब्यात वाढला यावर वाद नको.